तुझी नखं अशी कशी राहतात गं?

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत आरती झाली, मी खिरापतीसाठी हात पुढे केला, आणि वाटणाऱ्या काकूंनी खिरापत द्यायची सोडून माझा हातच धरून ठेवला. "अगं, दिवसभर दुसऱ्यांची नखं घासतेस ना तू? मग तुझी अशी कशी राहतात गं?" मागे रांग खोळंबलेली, लहान मुलं खिरापतीसाठी पुढे घुसायला बघतायत. मी "काकू, सांगते नंतर" म्हणून निसटले. ते नंतर काही आलं नाही. मंडळाने या अंकासाठी 'तुझ्या कामाबद्दल लिही' म्हटलं तेव्हा पहिला आठवला तो काकूंचा प्रश्न.

तर काकू, हा लेख तुमच्यासाठी. आणि तुमच्या लेकीसाठी जरा जास्त, कारण तिने ऑनलाइन जेल पॉलिशचा किट मागवलाय हे मला तिच्या बोटांवरूनच कळलं होतं.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. आम्ही बडोद्याचे. पणजोबा गायकवाड सरकारात कारकून होते, तेव्हापासून घर दांडिया बाजारातच. मी बी.कॉम. केलं, आणि घरात सगळे बँकेच्या परीक्षांची वाट बघत असताना नेल टेक्निशियनचा कोर्स करून आले. बाबा म्हणाले, "नखं कापायला कोर्स लागतो?" आजी म्हणाली, "निदान शनिवारी तरी कुणाची कापू नकोस." आता या कामाला सहा वर्षं झाली. बाबांचा प्रश्न बंद झालाय, आजीचा नाही.

आमच्या खुर्चीवर येऊन बसणारी बाई आधी भिंतीवरचे नमुने बघत नाही, रेटकार्ड बघत नाही. ती माझे हात बघते. मी तिचा हात हातात घेते त्याच क्षणी तिची नजर माझ्या नखांवर असते. छान असतील तर "बेन, तमारा नख केटला सरस छे!" आणि मग "मला असंच करून द्या." टवके उडालेले असतील तर तोंडाने काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी दुसऱ्या मुलीची अपॉइंटमेंट मागते. शिंप्याने साधा शर्ट घातला तरी चालतं, हलवायाने मिठाई खाल्ली नाही तरी चालतं. आमचं तसं नाही. आमचे हात हीच आमची पाटी, आणि त्याच पाटीने आम्हाला दिवसभर काम करायचं असतं.

आता ही पाटी खराब कशी होते ते सांगते, कारण उपाय त्यातूनच कळतात.

मी उजव्या हाताने काम करते. त्यामुळे माझ्या उजव्या हाताची नखं बरी राहतात आणि डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांची वाट लागते. क्लाएंटचं बोट मी डाव्या हाताच्या याच दोन बोटांत धरते. तिच्या नखाची बाजू घासताना फाईल तिच्या नखावरून पुढे सरकते आणि माझ्या अंगठ्याच्या नखाची कड घासून येते. एकदा घासलं तर काही कळत नाही. दिवसाला सहा क्लाएंट, प्रत्येकीची दहा बोटं, असे आठवड्याचे सहा दिवस. शनिवारपर्यंत माझ्या डाव्या अंगठ्याचं नख एका बाजूने तिरकं झालेलं असायचं. ड्रिल मशीनने काम करताना तर एका सेकंदात रंगात चर पडते. कुठल्याही नेल टेक्निशियनला भेटलात तर तिचा डावा अंगठा बघा (डावखुरी असेल तर उजवा). ती किती वर्षं या कामात आहे आणि बोट कसं धरते, हे त्यावरून कळतं.

दुसरा शत्रू ॲसिटोन. जेल पॉलिश काढताना कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवतात, वरून फॉईल गुंडाळतात आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतात. जेल फुगतं, सुटं होतं, मग लाकडी काडीने किंवा पुशरने हलकेच सारायचं. पण तो ओला बोळा उचलतं कोण? आमचीच बोटं. जे ॲसिटोन तिचं पॉलिश सोडवतं, ते माझंही सोडवतं. आधी चमक जाते, मग टोकाकडची कड सुटते, आणि एकदा कड सुटली की तिच्या खाली पाणी जातं. पुढचं सांगायला नको.

तिसरी गोष्ट जरा लाज आणणारी आहे. जेलचा रंग लावताना तो क्युटिकलवर, म्हणजे नखाच्या मुळाशी जी कातडी असते तिच्यावर, थोडा ओघळतो. तो पुसायला बारीक ब्रश असतो, लाकडी काडी असते. पण गर्दीच्या वेळी हाताशी सगळ्यात जवळ असतं ते आपलं अंगठ्याचं नख. एक झटका मारला की काम झालं. आम्ही सगळ्याच जणी हे करायचो, कुणी शिकवलं नव्हतं, बघून आलेलं. दिवसाच्या शेवटी माझ्या अंगठ्याच्या नखाखाली पाच-सहा रंगांचा थर असायचा, आणि मी तो घरी येऊन काडीने काढत बसायचे. मेंदी काढणाऱ्या बाईच्या बोटाला मेंदी लागते तसंच हे, असं मला वाटायचं.

ते तसं नव्हतं. नेलपॉलिशची साधी बाटली आणि जेल यांत मोठा फरक आहे. साधं पॉलिश हवेने वाळतं. जेल वाळत नाही, ते लॅम्पच्या प्रकाशाने घट्ट होतं. त्यातले छोटे छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळी तयार होते. ती जाळी पूर्ण झाली की जेल नखावर गुमान बसतं, सहसा कुणाला त्रास देत नाही. पण लॅम्पखाली जाण्याआधी ते कच्चं असतं, आणि कच्चं जेल कातडीला लागणं हे आमच्या कामातलं खरं संकट आहे. त्यात हेमा नावाचा एक घटक असतो, आणि त्याच्या कुळातले आणखी काही. ते कातडीत शिरले, पुन्हा पुन्हा शिरत राहिले, तर एखाद्या दिवशी शरीर त्यांना शत्रू ठरवतं. मग ती ॲलर्जी सहसा आयुष्यभर जात नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही.

माझ्या पहिल्या सलॉनमध्ये आमची सीनियर मणिपूरची होती. आम्ही तिला दीदी म्हणायचो. हात इतका स्थिर की क्लाएंट शिंकली तरी तिची रेघ हलायची नाही. तिची स्वतःची नखं लांब, टोकदार, प्रत्येक आठवड्याला नवं डिझाईन, आणि निम्म्या क्लाएंट ती नखं बघूनच यायच्या. मालकांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे ग्लोव्हज घालायला त्यांची हरकत नव्हती, पण नखं दिसली पाहिजेत अशी अट होती. शिवाय दिवसाला एकच जोडी मिळायची. लांब नखांनी ग्लोव्हज अर्ध्या तासात फाटतात हे ज्यांनी घातलेत त्यांना माहीत असेल. दीदीने यावर तोडगा काढला होता. सकाळी आल्याबरोबर कात्रीने ग्लोव्हजच्या अंगठ्याची, तर्जनीची आणि मधल्या बोटाची टोकं कापून टाकायची. नखं बाहेर, पकड चांगली, ग्लोव्हज दिवसभर टिकतात, मालकही खूश. मी पहिल्या आठवड्यातच तिचं बघून टोकं कापायला लागले. मला तर ते फार स्टायलिश वाटायचं.

आता विचार करा. ग्लोव्हजचा जो भाग खरा कामाचा, जिथे कच्चं जेल लागतं, ॲसिटोन लागतं, तोच आम्ही कापून टाकत होतो, आणि ज्या तळहाताला काहीच लागत नाही तो झाकून बसत होतो.

दीदीच्या बोटांची टोकं कायम फुटलेली असायची. ती म्हणायची, ॲसिटोन आणि थंडी. बडोद्यातली थंडी ती कितीशी, पण आम्ही मान्य केलं. मग एका नवरात्रात, आमच्या सगळ्यात मोठ्या सीझनमध्ये, ती सकाळी आली ती पापण्या सुजवून. झोप झाली नाही, म्हणाली. दोन दिवसांनी पुन्हा. बोटांवर बारीक पाण्याचे फोड, एवढी खाज की ती गरब्याच्या आवाजात झोपू शकत होती पण खाजेने उठत होती. आम्हाला वाटलं काजळ बदललं असेल. पण बोटांना लागलेलं कच्चं जेल नकळत डोळ्यांपर्यंत जातं, आणि पापणीची कातडी सगळ्यात पातळ, म्हणून त्रास तिथेही दिसतो, हे तिला पुढे त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सांगितलं. पॅच टेस्ट झाली. हेमा, स्पष्ट. डॉक्टरांनी तिला आणखी एक सांगितलं, जे ऐकून मला जास्त धक्का बसला: दातांच्या डॉक्टरांकडे गेलीस तर हे आधी सांगायचं. कारण दात भरायच्या मसाल्यातही याच कुळातले घटक असतात. हाडं बसवताना वापरतात त्या सिमेंटमध्येसुद्धा.

यात नवल काही नाही म्हणा. नकली नखांचं हे सगळं साहित्य दातांच्या दवाखान्यातूनच आलेलं आहे. १९५०च्या दशकात एका अमेरिकन डेंटिस्टने स्वतःचं तुटलेलं नख दातांच्या ॲक्रिलिकने दुरुस्त केलं आणि त्यातून हा धंदा उभा राहिला असं आम्हाला कोर्समध्ये शिकवलं होतं. नेल टेक्निशियनचं नख, नखाचं दात, असा हा प्रवास परत दातापाशी येईल हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

दीदीने जेलचं काम सोडलं. दहा वर्षांचा हात. आता ती सलॉनमध्ये रिसेप्शन आणि स्टॉक बघते, आणि तिच्या नखांना काहीही लावलेलं नसतं. ती रडली बिडली नाही. तिने फक्त तिचे ब्रश आम्हाला वाटून टाकले. त्यातला एक बारीक ब्रश माझ्याकडे आहे.

पुढच्या दिवाळीनंतर माझ्या बोटांना खाज सुटली.

त्या पंधरा दिवसांबद्दल फार लिहीत नाही. मी घरी कुणाला सांगितलं नाही, कारण बाबा 'बघ, म्हटलं होतं' म्हणतील ही भीती. आजीने ओळखलं. मी पोळी मोडताना बोटं वाकडी धरत होते. तिने खोबरेल तेल लावलं, आणि दुसऱ्या दिवशी बाबांना मागे लावून डॉक्टरांकडे पाठवलं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त स्कूटर काढली.

पॅच टेस्ट म्हणजे पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, प्रत्येकीखाली एकेक पदार्थ. दोन दिवस पाठ ओली करायची नाही. मग पट्ट्या काढून बघतात, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघतात, कारण काही ॲलर्जी उशिरा दिसते. माझी पाठ स्वच्छ निघाली. डॉक्टर म्हणाले, ही ॲलर्जी नाही, कातडी झिजलीय. ॲसिटोन, सारखं हात धुणं, घासलेली पावडर, यांनी कातडीतलं तेल निघून गेलंय. मी हुश्श केलं, तर ते म्हणाले, हुश्श करू नका, झिजलेल्या कातडीतून कच्चं जेल आणखी सहज आत जातं. तुमची मैत्रीण जिथे पोचली तिथे जायचा हाच रस्ता आहे.

मी ते सलॉन सोडलं. आता जिथे आहे तिथे ग्लोव्हजचा शंभराचा डबा संपला की दुसरा येतो, टेबलाला पावडर ओढून घेणारा पंखा आहे, आणि माझी नखं, काकू, तुम्ही बघितलीत तशी आहेत. गंमत म्हणजे नखं चांगली राहायला लागली ती मी नखांची काळजी सोडून कातडीची काळजी घ्यायला लागल्यावर. दोघांची भानगड एकच असते.

आता काय करते ते सांगते.

सगळ्यात आधी मी माझी नखं आखूड केली. बोटाच्या टोकाच्या जेमतेम पुढे, बदामी आकार. लांब नख ग्लोव्हजला भोक पाडतं, फाईलच्या वाटेत येतं, आणि टेबलाच्या कडेला आपटून तुटतं. क्लाएंटला लांब नखांचं डिझाईन दाखवायचं असेल तर प्लॅस्टिकच्या टिप्सवर करून ठेवते. सुरुवातीला वाटलं बुकिंग कमी होईल. झालं उलटंच. नोकरी करणाऱ्या, घरी पोळ्या लाटणाऱ्या बायका म्हणायला लागल्या, असं आखूड आणि छान मला पण चालेल.

माझ्या नखांवर मी ॲसिटोनने निघणारं जेल पॉलिश लावत नाही. हार्ड जेलचा पातळ थर देते. त्याची जाळी इतकी घट्ट असते की ॲसिटोनने ते सुटत नाही, काढायचं तर घासूनच काढावं लागतं. त्यामुळे दिवसभर ॲसिटोनचे शिंतोडे उडाले तरी वरची चमक थोडी कमी होते, बाकी काही होत नाही. पण हे ज्याने त्याने घरी करायचं काम नाही, कारण घासताना खालचं खरं नख पातळ करून ठेवायला वेळ लागत नाही. खरं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. म्हणजे मुळाशी केलेली चूक टोकाला पोचून कापली जायला पाच-सहा महिने जातात.

रंग दुधी गुलाबी. हे सौंदर्यदृष्टीने नाही, आळसाने. फिकट रंगावर चरे दिसत नाहीत, आणि नख वाढून मुळाशी जी रिकामी जागा दिसते तीही लपते. नवरात्रात बारीक चमकी टाकते. चमकीसारखं चरे लपवणारं दुसरं काही नाही. आरशासारखी चमकणारी क्रोम पावडर मात्र टेक्निशियनने स्वतःला कधी लावू नये. पहिल्या दिवशी राणी, तिसऱ्या दिवशी भंगार. दर रविवारी वरचा थर हलका बफ करून टॉप कोटचा नवा हात देते, आणि तो नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवते. ही कड झाकणं लोक विसरतात आणि मग 'जेल टिकत नाही' म्हणतात.

डाव्या अंगठ्याला आणि तर्जनीला मी कामाच्या आधी एक पट्टी गुंडाळते. खेळाडू बोटांना बांधतात तशी, स्वतःलाच चिकटणारी, कातडीला नाही. त्यावर ग्लोव्ह. फाईल घसरली तर पट्टी घासली जाते. पण खरं सांगायचं तर पट्टीपेक्षा पकड बदलल्याचा फायदा जास्त झाला. आता मी क्लाएंटचं बोट बोटांच्या मांसल भागाने धरते, माझा अंगठा मागे ओढून, आणि फाईलचा झटका आखूड ठेवते. ही सवय लागायला तीन महिने लागले. हात जुनं विसरत नाही.

ग्लोव्हज नायट्राईलचे, अंगाबरोबर बसणारे. एक मापाने मोठे घेतले की टोकाला सुरकुती पडते आणि ब्रश नीट धरता येत नाही. बऱ्याच मुली 'ग्लोव्हज घालून काम जमत नाही' म्हणतात त्याचं कारण माप चुकलेलं असतं. पण ग्लोव्हजवरही आंधळा विश्वास नको. ॲसिटोन नायट्राईलमधून फार लवकर आत जातं, आणि कच्चं जेलही थोड्या वेळाने झिरपतं. ग्लोव्ह म्हणजे किल्ल्याची भिंत नाही, पावसातली छत्री आहे. जेल सांडलं, ॲसिटोनने ओला झाला, की तो लगेच बदलायचा. आणि ॲसिटोनचा बोळा आता मी चिमट्यानेच उचलते. दीदीचा बारीक ब्रश क्युटिकल साफ करायला. अंगठ्याचं नख नाही म्हणजे नाही.

कातडीला कच्चं जेल लागलंच तर ते ॲसिटोनने किंवा स्पिरिटने पुसायचं नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्याने ते पातळ होऊन आणखी पसरतं आणि आत जातं. कोरड्या कागदाने टिपायचं, मग साबण आणि पाणी. जेवायच्या आधी हात धुतेच, पण घासलेली पावडर आधी ब्रशने झटकते. रात्री झोपताना क्युटिकलला तेल. बाजारात जोजोबाच्या महागड्या बाटल्या मिळतात, आणि आजीच्या खोबरेलाची बाटली स्वयंपाकघरात असते. कुठली वापरते ते सांगत नाही, नाहीतर सलॉनमध्ये कोण विकत घेणार.

घरी मात्र वेगळीच लढाई असते. कणीक मळते, भांडी घासते, आई काही सूट देत नाही. भांड्यांना रबरी ग्लोव्हज, कणकेला नाही. कणकेला ग्लोव्हज घातले तर आजी मला घराबाहेर काढेल. म्हणून नखं आखूड असण्याचं आणखी एक कारण. हळद हा आमच्या धंद्यातला जुना वैरी आहे. दुधी गुलाबी नखाने बटाट्याची भाजी केली की पिवळं झालंच. लग्नाच्या हळदीच्या आधी नखं करून घेणाऱ्या नवऱ्या दुसऱ्या दिवशी रडवेल्या होऊन फोन करतात. घासू नका. आधी कापसावर थोडं स्पिरिट घेऊन पुसा, आणि राहिलंच तर थोडा वेळ उन्हात बसा. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. शक्य असेल तर हळद झाल्यावरच माझ्याकडे या.

आता काकूंच्या लेकीकडे येते. त्या दिवशी मंडळात तिच्या बोटांची टोकं मी बघितली होती. लाल, जराशी सोललेली. घरी जेल लावणाऱ्या मुलींचं नेहमीचं चित्र असं: पलंगावर बसून, मोबाइलवर व्हिडिओ लावून, जाड थर, कातडीवर ओघळलेला, किटबरोबर आलेला अंगठ्याएवढा लॅम्प. प्रत्येक जेलला ठराविक प्रकाश आणि ठराविक वेळ लागतो. लॅम्प एकाचा, बाटली दुसऱ्याची, थर जाड, म्हणजे वरून टणक लागलं तरी आत कच्चं राहण्याची शक्यता जास्त. आणि ते कच्चं तीन आठवडे तुझ्या कातडीला लागून राहतं. युरोपात २०२० साली नियम केला की हेमा असलेल्या नखांच्या वस्तू फक्त व्यावसायिकांसाठी, आणि तसं बाटलीवर छापायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून तर जेल घट्ट करायला घालतात तो टीपीओ नावाचा घटकही तिथे बंद झालाय. म्हणून बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाच गं. हेमा आहे का बघ. जेल कातडीपासून केसभर लांब ठेव, आणि चुकून लागलं तर लॅम्पमध्ये जाण्याआधी काढ. पातळ थर दोनदा. आणि खाज सुटली तर 'एवढंच लावते' न म्हणता थांब, आणि डॉक्टरांना दाखव. साधं वाळणारं नेलपॉलिश काही वाईट नसतं. आठवड्यात निघतं ही त्याची खोड आहे, तीच त्याची चांगली बाजूही आहे.

मी तिला तेव्हा एवढं बोलले नव्हते. फक्त म्हटलं, रविवारी घरी ये. ती आली. किटही घेऊन आली. आम्ही बाटल्या एकेक करून वाचल्या, तीन बाजूला काढल्या. बोटं बरी व्हायला तिला महिनाभर लागला, आणि त्या महिन्यात तिने काहीही लावलं नाही, हे तिच्या आईने मला फोन करून सांगितलं, जणू ती उपास करतेय.

आता ती दर रविवारी रात्री येते. डाव्या हाताने स्वतःची उजवी नखं करणं हा आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग. रेघ काढता काढता वेल होते. तर माझा उजवा हात ती करते. हात अजून थरथरतो, पण माप घेऊन आणलेले ग्लोव्हज घालते, पूर्ण, टोकांसकट. आजी आतून विचारते, "रात्रीची नखं कापताय का गं?" आम्ही दोघी ओरडतो, "कापत नाही, रंगवतोय!"

नवरात्राचं बुकिंग सुरू झालंय. डावा अंगठा सध्या ठीक आहे.